ग्राफिक डिझाइनमधला रिसर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अप्लाइड आर्टची मुलं, नुकतंच फ्रीलान्सिंग सुरू केलेले आणि छोट्या स्टुडिओत काम करणारे मित्र हे प्रश्न सारखे विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय. हवा तो प्रश्न आधी वाचा, क्रमाने वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

ग्राफिक डिझाइनमध्ये रिसर्च म्हणजे नक्की काय करायचं?

तुम्ही जे बनवताय ते कोण वाचणार, कुठे उभं राहून वाचणार, त्याच्याकडे वेळ किती आहे, वाचून झाल्यावर त्याने काय करावं अशी अपेक्षा आहे आणि तो ते खरंच करतो का, एवढं शोधून काढायचं. बस. हे काम दोनदा करायचं असतं, एकदा डिझाइनला हात घालायच्या आधी आणि एकदा छापायला टाकायच्या आधी. पहिलं बहुतेक जण थोडंफार करतात. दुसरं जवळजवळ कोणीच करत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर दुसरं करा, कारण आधी केलेल्या रिसर्चमध्ये लोक त्यांना काय वाटतं ते तुम्हाला सांगतात पण समोर खरं पत्रक ठेवलं की ते काय करतात ते तुमच्या डोळ्यांसमोर दिसतं, आणि या दोन गोष्टी फार वेळा जुळत नाहीत.

पिंटरेस्ट, बिहान्स (डिझायनर आपलं काम टाकतात ती साइट) चाळणं हा रिसर्च धरायचा का?

अर्धा. तिथे तुम्हाला दुसऱ्या डिझायनर्सनी काय केलं ते कळतं, वाचकाला काय कळलं ते कळत नाही. शिवाय तिथलं बरंच काम मॉकअपवर (कॉम्प्युटरवर बनवलेल्या नमुना चित्रावर) असतं, ते कधी छापलं गेलेलंच नसतं.

रेफरन्स जरूर गोळा करा, पण पद्धतशीर. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९७४ साली अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी एआयजीए या तिथल्या डिझायनर्सच्या संघटनेने केलेली चिन्हं, म्हणजे विमानतळावर, स्टेशनवर आपण टॉयलेट, टॅक्सी, सामान वगैरेची जी काळी-पांढरी चित्रं बघतो त्यांचं मूळ. थॉमस गाइस्मर त्या कमिटीचे प्रमुख होते आणि चित्रं कुक अँड शनोस्की या ऑफिसने काढली. त्यांनी पेन्सिल उचलायच्या आधी जगभरातल्या विमानतळांची, ऑलिम्पिकची, रेल्वेची चिन्हं जमवली, एकेका अर्थासाठी कोणी काय काढलंय ते शेजारी शेजारी मांडलं आणि प्रत्येक चिन्हाला तीन अंगांनी जोखलं: अर्थ कळतो का, बाकीच्या संचात बसतं का, आणि लांबून, तिरकं, कमी उजेडात वापरता येतं का. जे आधीच बरं होतं ते थोडं सुधारून घेतलं, सगळं नव्याने करायचा हट्ट नव्हता. पहिल्या खेपेत ३४ चिन्हं झाली आणि १९७९ मध्ये आणखी १६.

आपल्याकडे हेच मसाल्याच्या पाकिटासाठी करायचं तर मोबाईल घेऊन दुकानात जा. सुपरमार्केटमधल्या शेल्फचे फोटो काढा आणि गल्लीतल्या किराणा दुकानाचेही काढा, कारण दोन्हीकडे पाकीट वेगळ्या पद्धतीने विकलं जातं. किराणा दुकानात गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघत नाही, काउंटरच्या अलीकडून बोट दाखवून मागतो, लहान पाकिटं वरून माळेसारखी लटकलेली असतात, त्यामुळे अर्धं पाकीट दुसऱ्यामागे झाकलेलं असतं. तुमचं नाव नेमकं त्या झाकलेल्या भागात येतंय का हे पिंटरेस्टवर कळणार नाही.

रिसर्चचे प्रकार किती?

कॉलेजात हा प्रश्न हमखास येतो. ख्रिस्तोफर फ्रेलिंग या प्राध्यापकांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये मांडलेली विभागणी सगळीकडे वापरतात: डिझाइनबद्दलचा रिसर्च (इतिहास, सिद्धांत), डिझाइन करत करत होणारा रिसर्च (प्रयोग करून त्यातून ज्ञान मिळवणं) आणि डिझाइनसाठीचा रिसर्च (हातातल्या कामासाठी माहिती जमवणं). खाली मी बहुतेक तिसऱ्याबद्दलच बोलतोय, कारण रोजच्या कामात तोच लागतो.

पद्धती कुठल्या कुठल्या आहेत आणि कुठली कधी वापरायची?

नावं खूप आहेत पण मुळात तीनच गोष्टी आहेत, बघणं, विचारणं आणि करून घेणं. जागेवर जाऊन निरीक्षण हे बघणं. इंटरव्ह्यू, सर्व्हे, ग्रुप डिस्कशन हे विचारणं. युझर टेस्ट (वापरणाऱ्याला एखादं काम देऊन तो कुठे अडतो ते बघणं), कार्ड सॉर्टिंग (म्हणजे मेनूतल्या किंवा माहितीपत्रकातल्या गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहून लोकांना त्यांच्या मनाप्रमाणे गट लावायला सांगायचे), पाच सेकंद दाखवून झाकून काय आठवतं ते विचारणं, लांबून वाचून दाखवायला सांगणं, हे सगळं करून घेणं.

सर्व्हेवर लोकांचा फार विश्वास असतो कारण गूगल फॉर्म बनवायला दहा मिनिटं लागतात आणि शेवटी पाय चार्ट मिळतो. पण तो फॉर्म तुम्ही कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला असतो, भरणारे तुमच्याच वयाचे, तुमच्याच सारखे शिकलेले, आणि पत्रक मात्र साठीच्या पुढच्या पेन्शनरसाठी आहे. असा सर्व्हे न केलेला बरा. ‘किती लोक’ हे जाणून घ्यायचं असेल आणि योग्य माणसांपर्यंत पोचता येत असेल तरच सर्व्हे करा. ‘का’ हे जाणून घ्यायचं असेल तर माणसासमोर बसल्याशिवाय पर्याय नाही.

जागेवर जाऊन निरीक्षण करायचं म्हणजे काय लिहून आणायचं?

समजा सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीचे बोर्ड करायचेत. तर एक सकाळ तिथे बाकावर बसा. लोक आत येऊन कुठे थबकतात ते बघा, तिथेच बोर्ड हवा असतो. बोर्ड असूनही वॉचमनला काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. बोर्डावर ‘नोंदणी कक्ष’ असतं आणि लोक विचारत असतात ‘केस पेपर कुठे काढायचा?’, बोर्डावर ‘अस्थिव्यंगोपचार’ असतं आणि माणूस हाताला प्लास्टर घालून विचारतो ‘हाडाचे डॉक्टर कुठे बसतात?’ वॉचमनला विचारलेले प्रश्न म्हणजे नापास झालेल्या बोर्डांची यादीच असते. हाताने लिहून चिकटवलेले कागद तर नक्की बघा. ‘इथे चौकशी करू नये’, ‘एक्स-रे वरच्या मजल्यावर’ असे जे कागद सेलोटेपने लावलेले असतात ते तिथल्या सिस्टरने, क्लार्कने रोजच्या त्रासाला कंटाळून लावलेले असतात. त्यांच्यापेक्षा चांगला ब्रीफ (काय हवंय याची कामाआधीची माहिती) तुम्हाला कुठलाही क्लायंट देणार नाही.

आणि उंची, उजेड, गर्दी. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये छान दिसणारा बोर्ड सकाळी दहाच्या गर्दीत डोक्यांमागे लपतो, म्हणून गर्दीच्या वेळीच जा.

इंटरव्ह्यूत काय विचारू नये?

‘आवडलं का?’ हे विचारू नका. आपल्याकडे घरी आलेल्या पोराला कोणी तोंडावर वाईट म्हणत नाही, ‘छान आहे की’ असंच उत्तर येतं, त्यात चहाही मिळतो पण माहिती मिळत नाही. ‘तुम्ही हे वापराल का?’ हाही तसलाच, भविष्याबद्दल सगळेच उदार असतात.

झालेल्या गोष्टीबद्दल विचारा. ‘मावशी, मागच्या वेळी गोळ्या आणल्या तेव्हा कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची हे कसं लक्षात ठेवलं?’ मग त्या उठून आतून डबा आणून दाखवतात, त्यावर केमिस्टने बॉलपेनने मारलेल्या खुणा असतात, किंवा नातवाने स्ट्रिपवर सूर्य आणि चंद्र काढून दिलेला असतो, आणि तुमचं डिझाइन अर्धं तिथेच सापडतं. नंतर तुमचं पाकीट त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, ‘यातली रात्रीची गोळी काढून दाखवता का?’ आणि मग गप्प बसा. खरंच गप्प बसा. त्या अडखळल्या की समजावून सांगायचा मोह होतो, तो आवरा, कारण छापून गेल्यावर त्या पाकिटाबरोबर तुम्ही जाणार नाही आहात.

किती लोकांबरोबर टेस्ट केलं की पुरे?

वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांचं ‘पाच माणसं पुरे’ हे वाक्य सगळे सांगतात. त्यामागचं गणित असं की एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के बाहेर येतात. पण ते वेबसाइट, सॉफ्टवेअर वापरताना येणाऱ्या अडचणी शोधण्यापुरतं आहे, आणि त्यांचं स्वतःचं म्हणणंही असं आहे की पाच जणांबरोबर करा, सुधारा, परत पाच जणांबरोबर करा. लोक हा दुसरा भाग विसरतात.

पत्रक, फॉर्म, पाकीट यासाठी पाच-सहा जणांच्या दोन फेऱ्या ठीक आहेत. चेतावणीचं चिन्ह असेल तर अजिबात ठीक नाही. अमेरिकेच्या एएनएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणकात धोक्याच्या चिन्हासाठी अट आहे की निदान ८५ टक्के लोकांनी अर्थ बरोबर सांगितला पाहिजे आणि नेमका उलटा, घातक अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. ही दुसरी अट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. चिन्ह न कळणं वेगळं आणि ‘इथे हात लावू नका’ ऐवजी ‘इथे हात लावा’ असं कळणं वेगळं.

चिन्हं तर सगळ्यांना कळतातच ना, त्यांना भाषा लागत नाही, मग त्यांचा रिसर्च कशाला?

हा गैरसमज फार महाग पडलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह तुम्हाला माहीत आहे. ते १९४६ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. दिसायला सुंदर, ठळक, लांबून ओळखू येणारं. पण ते शिकवलं असेल तरच कळतं, न शिकलेल्या माणसाला ते पंख्याचं पातं वाटू शकतं. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं रेडिओथेरपीचं यंत्र भंगारवाल्यांच्या हाती लागलं, त्यांनी ते फोडलं, आतला किरणोत्सारी सीझियम घरोघरी गेला आणि चार जण मेले. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत जवळपास तसंच झालं, विद्यापीठातलं जुनं यंत्र लिलावात भंगारात गेलं, त्यात किरणोत्सारी कोबाल्ट होता, एक जण दगावला आणि बाकीचे आजारी पडले. यात दोष एकट्या चिन्हाचा नव्हता, पण भंगार तोडणाऱ्या माणसाला थांबवू शकेल असं काहीतरी त्या वस्तूवर असायला हवं होतं हे उघड आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने मिळून यावर पाच वर्षं काम केलं आणि ११ देशांत वेगवेगळ्या वयाच्या, शिक्षणाच्या लोकांना दाखवून, गॅलप या सर्वेक्षण कंपनीकडून शेवटची चाचणी करून घेऊन २००७ मध्ये नवीन चिन्ह जाहीर केलं. लाल त्रिकोण, वर पाकळ्यांतून येणाऱ्या लाटा, खाली कवटी आणि पळणारा माणूस. जुन्या चिन्हाशेजारी ते गर्दीचं दिसतं, डिझाइनच्या पुस्तकातल्या साधेपणाच्या कुठल्याच कसोटीला उतरत नाही. पण कळतं. आणि मला सगळ्यात जास्त पटलेला निर्णय म्हणजे ते लावायचं कुठे हा. ते दारावर किंवा भिंतीवर लावायचं नाही, यंत्राच्या आतल्या भागावर लावायचं, असं की नेहमीच्या वापरात दिसणारच नाही आणि कोणी उघडायला लागला की समोर येईल. वाचणारा कोण आणि तो कुठल्या क्षणी वाचणार याचा विचार केल्याशिवाय असा निर्णय सुचत नाही.

याच्या बरोबर उलटं काम चार्ल्स बाल्डविन यांनी १९६६ मध्ये डाऊ केमिकलमध्ये केलं. त्यांना जैविक धोक्याचं चिन्ह हवं होतं आणि त्यांची अट अशी की चिन्ह लक्षात राहिलं पाहिजे पण त्याला आधीपासून काही अर्थ नसावा, म्हणजे मग हवा तो अर्थ शिकवता येईल. सहा नवीन चिन्हं आणि त्यांच्यात रोज दिसणारी, कंपन्यांच्या लोगोसारखी १८ चिन्हं मिसळून २५ शहरांतल्या सुमारे ३०० लोकांना दाखवली, अर्थ ओळखायला सांगितला, आणि आठवड्याने आणखी चिन्हं मिसळून परत विचारलं की यातली कुठली आधी बघितली होती. जे सगळ्यात जास्त आठवलं आणि ज्याचा अर्थ सगळ्यात कमी लावता आला ते निवडलं. ते प्रयोगशाळेतल्या प्रशिक्षित लोकांसाठी होतं म्हणून हे चाललं. तेच लॉजिक भंगार बाजारात चालणार नाही.

आपल्या निवडणूक चिन्हांचाही इथे विचार करा. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८.३३ टक्के होती आणि त्याच सुमाराला पहिली सार्वत्रिक निवडणूक, म्हणून मतपेटीवर चिन्हं आली, बैलजोडी, झोपडी, दिवा, विळा-कणीस. रोज हाताळलेल्या वस्तू निवडल्या, कोणाला काही नव्याने शिकावं लागलं नाही. आजही आयोगाच्या यादीत शिट्टी, कपबशी, शिलाई मशीन दिसतं ते त्यामुळेच.

रंगावर चिन्ह ओळखता येत असेल तर चालेल ना?

नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी आणि तपकिरी ठिपका मांसाहारी हे आपण कित्येक वर्षं बघत आलो. दोन्ही गोल, दोन्ही चौकोनात, फरक फक्त रंगाचा. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही अशा लोकांना ते दोन्ही सारखेच दिसायचे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारीचा ठिपका जाऊन तपकिरी त्रिकोण आला. बदल छोटाच, पण आता आकारही वेगळा आहे.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. तुमच्या डिझाइनची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. त्यात जे हरवलं ते फक्त रंगाच्या भरवशावर उभं होतं. तसाही सरकारी फॉर्म, शाळेचं पत्रक, सोसायटीची नोटीस शेवटी झेरॉक्स होऊनच लोकांपर्यंत जाते.

रिसर्च न केल्याने खरंच एवढं नुकसान होतं का?

२००० सालची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीमध्ये वयस्कर मतदार खूप, त्यांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली, अक्षरं मोठी केल्यावर उमेदवार एका पानात मावेनात, म्हणून दोन समोरासमोरच्या पानांवर नावं आणि मधे, मत देताना टोचायच्या छिद्रांची एकच रांग. डाव्या पानावर अल गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं छिद्र तिसरं. दुसरं छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. ब्युकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली, आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की त्यातली दोन हजारांहून जास्त मतं गोर यांना द्यायची होती. संपूर्ण फ्लोरिडात गोर हरले ते ५३७ मतांनी.

हेतू चांगला होता हे विसरू नका, म्हाताऱ्या माणसांचा विचार करूनच तो बदल केला होता. दहा म्हाताऱ्या मतदारांच्या हातात कागद आणि टाचणी देऊन ‘अमुक उमेदवाराला मत द्या’ एवढं सांगितलं असतं तर गोंधळ टेबलावरच दिसला असता, एका दुपारचं काम होतं.

धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर ट्रॉपिकाना, संत्र्याच्या रसाचा ब्रँड. २००९ च्या जानेवारीत संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचं जुनं चित्र काढून नवीन, स्वच्छ पाकीट आणलं, दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी पडली आणि जुनं पाकीट परत आणावं लागलं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला शेल्फवर त्याचं पाकीट ओळखूच येईना. एकटं पाकीट टेबलावर ठेवून मत घेणं आणि बाकीच्या २० पाकिटांमध्ये ठेवून ‘तुमचं नेहमीचं उचला’ म्हणणं, या दोन वेगळ्या टेस्ट आहेत.

टेस्टचा निकाल आला की तो मानायचाच का? मग डिझायनरचं काय काम?

ब्रिटनमधल्या रस्त्याच्या पाट्यांची गोष्ट यावर वाचण्यासारखी आहे. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी नवीन मोटरवेसाठी लहान-मोठी अक्षरं मिसळून साधी, फटकारे नसलेली पाटी केली, १९५८ मध्ये प्रेस्टन बायपासवर ती पहिल्यांदा लागली. डेव्हिड किंडर्सली या दगडावर अक्षरं कोरणाऱ्या कलाकाराने आक्षेप घेतला आणि सगळी कॅपिटल, सेरिफ (म्हणजे टोकांना फटकारे) असलेली स्वतःची अक्षरं पुढे केली. मग रोड रिसर्च लॅबोरेटरीने बेन्सनच्या हवाईतळावर खरी टेस्ट घेतली, लोकांना बसवलं आणि टपावर पाट्या लावलेली गाडी त्यांच्या दिशेने चालवली, किती अंतरावरून वाचता येतं ते मोजलं. निकाल किंडर्सली यांच्या बाजूने लागला, पण साधारण ३ टक्क्यांच्या फरकाने. एवढा फरक निर्णायक नाही असं धरून दिसण्याच्या निकषावर किनियर-कॅल्व्हर्ट यांची अक्षरं निवडली, आणि १९६५ पासून ती ब्रिटनभर लागली, आजही तीच आहेत.

माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. दोन्ही अक्षरं वाचता येतात एवढं रिसर्चने सिद्ध केलं, मग संपूर्ण देशाच्या रस्त्यांवर काय शोभेल हा प्रश्न राहिला आणि तो डोळ्याचाच आहे. फरक ३० टक्क्यांचा असता तर मात्र डोळ्याने बाजूला व्हायला हवं होतं.

देवनागरीसाठी इंग्लिशमधले वाचनीयतेचे नियम चालतात का?

थेट नाही चालत, आणि आपल्याकडे मराठीतलं काम बिघडतं ते बहुतेक इथेच.

एक तर रोमनसाठी केलेली टायपोग्राफीची मापं उचलून आणली की ओळींतलं अंतर कमी पडतं. आपल्याला वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय, दोन्हीकडे जागा लागते, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकला की वाचणारा दमतो. दुसरं म्हणजे एकाच पॉइंट साइजला (सॉफ्टवेअरमधला अक्षराच्या मापाचा आकडा) मराठी अक्षर इंग्लिशपेक्षा लहान दिसतं. हे दुकानाच्या पाट्यांना फार लागू पडतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरीतलं मराठी इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाही, आणि बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचा आकडा सारखा ठेवून मोकळे होतात. पट्टी घेऊन शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा आणि शेजारच्या इंग्लिश अक्षराशी ताडून बघा.

टेस्टसाठी ‘मराठी असे आमुची मायबोली’ लिहून बघू नका, त्यात अवघड काही नाही. हे लिहा: कुऱ्हाड, दऱ्या आणि दर्या, राष्ट्र, उद्ध्वस्त, ट्रॅक्टर, ऑर्डर, ह्रस्व, वाङ्मय. फॉन्ट कच्चा असेल तर इथेच मोडतो. मग गोंधळाच्या जोड्या घ्या, घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ख आणि रव, आणि ठळक, अरुंद वजनात (म्हणजे फॉन्टच्या जाड, चिंचोळ्या रूपात) छापून भिंतीला लावून मागे सरकत जा. ठळक वजनात आतली पोकळी बुजते आणि घ, ध वेगळे राहत नाहीत. कितव्या पावलाला चुकतं ते लिहून ठेवा, दोन फॉन्टची तुलना करायला एवढं बास. मात्र वाचायला दुसऱ्याला सांगा, काय लिहिलंय हे तुम्हाला आधीच माहीत असतं. ल आणि श सुद्धा बघा, मराठीत पाकळीचा ल वापरतात, हिंदीत वेगळा, युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) दोन्हींचा कोड एकच असतो आणि फॉन्टमध्ये मराठीसाठी सोय केली असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली असेल तरच आपला ल येतो.

या विषयात आपल्याकडे पाया घातलेला आहे हे माहीत असू द्या. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांचा मोठा अभ्यास १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने छापला. र. कृ. जोशी, ज्यांचा मंगल फॉन्ट वर्षानुवर्षं विंडोजमध्ये आपल्या सगळ्यांसमोर होता, ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, शिकवायचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने मुक्त, बालू असे फॉन्ट सगळ्यांना फुकट वापरता येतील असे दिलेत. तरी मराठी वाचकांवर, मराठी मजकुरावर मोजून केलेलं काम अजून खूप व्हायला हवंय, एमएच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर इथे शेत मोकळं आहे.

आय-ट्रॅकिंग मशीन (वाचताना नजर कुठे जाते ते टिपणारं) लागतं का?

नाही. डोळा कुठे गेला ते कळतं, कळलं का ते कळत नाही. माणसाला मोठ्याने बोलत वाचायला सांगा.

ए/बी टेस्टिंग (काही लोकांना एक डिझाइन, बाकीच्यांना दुसरं दाखवून तुलना)?

वेबसाइट, अ‍ॅप, जाहिरात असेल आणि रोज भरपूर लोक येत असतील तर उत्तम. कुठलं जास्त चाललं ते सांगतं, का चाललं ते सांगत नाही. रोज ४० लोक येणाऱ्या साइटवर करू नका, आकडे उगाच वरखाली होतात आणि आपण त्यातून अर्थ काढत बसतो.

क्लायंट रिसर्चचे पैसे देत नाही, काय करू?

‘रिसर्च’ अशी वेगळी ओळ कोटेशनमध्ये घातली की ती पहिली कापली जाते. ‘छपाईपूर्वी वाचकांसोबत तपासणी, सहा जण, एक फेरी दुरुस्ती’ असं लिहा आणि ते प्रूफ तपासण्याच्या खाली ठेवा. प्रूफरीडिंग कोणी कापत नाही.

आणि छोट्या छपाईचा आग्रह धरा. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये काढला, खऱ्या अंतराकडे दुर्लक्ष करून, सगळ्या रेषा आडव्या, उभ्या नाहीतर ४५ अंशांत. कंपनीने आधी नाकारला, फारच वेगळा वाटला. नंतर १९३२ मध्ये ५०० प्रती छापून मोजक्या स्टेशनांवर वाटल्या, लोकांना तो कळला आणि आवडला, आणि १९३३ च्या जानेवारीत सात लाख प्रती काढल्या, त्याही महिन्याभरात पुन्हा छापायला लागल्या. ऑफिसातल्या मोठ्या लोकांच्या मतापेक्षा ५०० प्रवाशांच्या हातातल्या प्रती जास्त बोलल्या. तुमच्या क्लायंटला हेच सांगा: ऑफसेटवर दहा हजार काढण्याआधी डिजिटलवर ५० काढू, एका तालुक्यात वाटू, आठवड्याने चार जणांना भेटून येऊ.

एआयला विचारून पर्सोना (नमुना वाचकाचं काल्पनिक वर्णन) बनवले तर चालतील का?

‘सुनीता, वय ३४, नाशिक, तिला वेळ वाचवायला आवडतो’ असा पर्सोना एआयने लिहिला काय आणि तुम्ही मनाने लिहिला काय, दोन्ही अंदाजच. चार खऱ्या बायकांना भेटून मग त्यांच्यावरून लिहिलात तर तो कामाचा. इंटरव्ह्यूच्या प्रश्नांचा कच्चा खर्डा करायला, रेकॉर्डिंग टाइप करून घ्यायला एआय वापरा, मीही वापरतो. वाचकाच्या जागी बसवू नका.

लोकांचे फोटो काढले, बोलणं रेकॉर्ड केलं तर काही नियम?

आधी विचारा, कशासाठी ते साध्या मराठीत सांगा, नाही म्हणाले तर आग्रह नको. दवाखान्यात प्रशासनाची परवानगी लेखी घ्या आणि पेशंटचा चेहरा, केस पेपर फोटोत येऊ देऊ नका. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि वेळ दिला म्हणून काहीतरी द्या, मजुरी बुडवून कोणी तुमच्याशी अर्धा तास बोलत असेल तर त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायलाच हवेत.

कॉलेजच्या प्रोजेक्टमधला रिसर्चचा चॅप्टर कसा लिहू?

इंटरनेटवरून ब्रँडचा इतिहास उतरवून २० पानं भरू नका, परीक्षकाला पहिल्या पानात कळतं. दोन रकाने करा. डावीकडे काय दिसलं, उजवीकडे त्यामुळे डिझाइनमध्ये काय बदललं. ज्या निरीक्षणासमोर उजवा रकाना रिकामा राहतो ते काढून टाका.

व्हिएन्नामध्ये १९२५ पासून ऑटो नॉयराथ यांच्या म्युझियममध्ये आकडेवारी चित्रांतून सामान्य माणसाला सांगायचं काम चालायचं, तिथे संशोधक आणि चित्रकार यांच्यामध्ये एक वेगळी भूमिका होती, ती मारी राइडेमाइस्टर सांभाळायच्या. आकड्यांच्या ढिगातून नेमकं काय दाखवायचं, काय गाळायचं, कशाशेजारी काय ठेवायचं हे त्या ठरवायच्या, मग गेर्ड आर्न्ट्झसारखे कलाकार चिन्ह काढायचे. तुमच्या चॅप्टरमध्ये हे मधलं काम दिसायला हवं. पोर्टफोलिओतही शेवटच्या देखण्या पानाबरोबर लोकांसमोर नापास झालेलं व्हर्जन ठेवा आणि खाली दोन ओळी लिहा: कोणाला दाखवलं, ते कुठे अडले, काय बदललं. मुलाखतीला बसलेला सीनियर डिझायनर त्याच पानावर थांबून प्रश्न विचारतो.